पॉमेरेनियन की इंडियन स्पिट्झ: केसांखालचं कुत्रं कसं ओळखायचं

तुम्ही लिहिलंय की नाशिकला ओळखीतून 'प्युअर कल्चर पॉम' म्हणून ऑरेंज रंगाचं नर पिल्लू घेतलं, दोन महिन्यांचं होतं तेव्हा तोंड गोल आणि आखूड दिसायचं, आता साडेसहा महिन्यांचं झालंय तर नाक लांब वाटतंय, कान मोठे वाटतायत, पाठीवरचे आणि चेहऱ्याभोवतीचे केस पार गळलेत, वजन ४.२ किलो, खांद्याशी उंची २६ सेंटीमीटर, नाकाच्या टोकापासून दोन डोळ्यांमधल्या खळग्यापर्यंत ५ सेंटीमीटर आणि तिथून डोक्याच्या मागच्या हाडापर्यंत ८. आणि शेजारचे म्हणतायत फसवलं तुम्हाला, हा पॉम नाहीच, स्पिट्झ आहे. मापं घेऊन विचारलंत हे फार चांगलं केलंत, कारण बहुतेक लोक नुसता फोटो पुढे करतात आणि या दोन जातींमध्ये फोटोइतकं फसवं काही नाही.

आधी तुम्हाला हवं ते उत्तर देऊन टाकते. वंशावळीचे कागद नसताना 'शंभर टक्के प्युअर' असं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, अंगावरच्या खुणांवरून एवढंच सांगता येतं की कुत्रं त्या जातीच्या स्टँडर्डच्या, म्हणजे जातीसाठी ठरवून दिलेल्या वर्णनाच्या, किती जवळ बसतं. तुमच्या मापांवरून मला हा पॉम आणि स्पिट्झचा क्रॉस वाटतो, आपल्याकडे कल्चर पॉम म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं असंच असतं, त्या नावाची जात कुठल्याच केनेल क्लबच्या, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत नाही. पण तुम्ही ज्या गोष्टीने घाबरलात, ते केस गळणं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, वजनाचाही फारसा नाही. खरी गोष्ट सांगतं ते तोंडाचं माप. आता एकेक करून सांगते, मी ग्रूमिंग करते, घरी पॉम वाढवलेत, शो रिंगमध्ये उतरवलेत, त्यामुळे जरा लांबेल.

दोन्ही जाती मुळात एकाच घरातल्या आहेत म्हणून हा सगळा घोळ होतो. पॉमेरेनियन म्हणजे जर्मन स्पिट्झ कुळातला सगळ्यात छोटा आकार, बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनिया प्रांतावरून नाव पडलेला, तो प्रांत आज बराचसा पोलंडमध्ये आणि थोडा जर्मनीत आहे. पूर्वीचे पॉम आजच्यासारखे एका हातात मावणारे नव्हते. राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्समधून मार्को नावाचा पॉम घेतला तो जवळपास साडेपाच किलोचा होता, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या स्पिट्झएवढा! नंतर इंग्लंडमधल्या ब्रीडर लोकांनी लहानातले लहान निवडत निवडत आकार खाली आणला. हे मुद्दाम सांगते कारण तो मोठेपणा अजून रक्तात आहे, दोन्ही बाजूंनी कागदवाल्या पॉमच्या लिटरमध्ये, म्हणजे एका वेळी झालेल्या पिल्लांतसुद्धा, एखादं पिल्लू वाढून चार-साडेचार किलोचं होतं, त्याला थ्रोबॅक म्हणतात, आणि ते पूर्ण प्युअर असतं. म्हणून 'मोठं झालं म्हणजे भेसळ' हा नियम लावू नका.

इंडियन स्पिट्झचं म्हणाल तर इंग्रजांच्या काळात जर्मन स्पिट्झ इकडे आले आणि आपल्या उकाड्यात तग धरतील असे निवडत गेल्याने ही जात तयार झाली असं मानतात. केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे केसीआय, तिला स्वतंत्र जात म्हणून मानतं. त्यात छोटा प्रकार साधारण ५ ते ७ किलोचा आणि २२ ते २५ सेंटीमीटर उंच, मोठा १२ ते २० किलोचा आणि ३५ ते ४५ सेंटीमीटर. आपल्या लहानपणी वाड्यात नाहीतर कॉलनीत कुणाकडे तरी जो पांढराशुभ्र 'पॉम' असायचा, दारावरची बेल वाजली की घर डोक्यावर घेणारा, दूधपोळी आणि वरणभात खाऊन मजेत जगणारा, तो दहापैकी नऊ वेळा इंडियन स्पिट्झच होता. लोक त्याला डुप्लिकेट पॉम म्हणतात ते ऐकून मला खरंच वाईट वाटतं. हुशार, काटक, आपल्या हवेला सरावलेलं कुत्रं आहे ते आणि त्याची स्वतःची ओळख आहे, पॉमच्या नावाने विकलं गेलं हा त्याचा दोष नाही.

आता केस. पॉमच्या पिल्लाचे पहिले लोकरीसारखे केस साधारण चौथ्या महिन्यापासून गळायला लागतात आणि आठव्या महिन्यापर्यंत ते कुत्रं अगदी ओळखू येणार नाही असं दिसतं, पाय काड्यांसारखे, चेहरा उघडा, कान अचानक लांब वाटायला लागतात, कारण कानाभोवतीचा गोल भरलेला केसच निघून गेलेला असतो. ब्रीडर याला पपी अग्लीज म्हणतात. पूर्ण अंगभर मोठ्या कुत्र्याचा कोट, म्हणजे अंगावरचे पूर्ण केस, यायला दोन वर्षं, कधी तीनसुद्धा लागतात. माझ्याकडे सगळ्यात जास्त रडवेले फोन याच वयातल्या पिल्लांचे येतात. तर या वयात केस बघून जात ठरवायची नाही, कातडी गुलाबी-स्वच्छ आहे, खाज नाही, कोंडा नाही, तर निवांत राहा. आणि कुणी कितीही सांगितलं तरी झिरो कट मारू नका, 'उन्हाळा आहे, मोकळं वाटेल, नवीन केस दाट येतील' हे सगळं चूक आहे, पॉममध्ये मशीन फिरवल्यावर केस नीट परत न येण्याचं प्रमाण बऱ्यापैकी आहे आणि कधीकधी टक्कल महिनोन् महिने तसंच राहतं.

मोठ्या कुत्र्यात मात्र कोट खूप काही सांगतो. पॉमला दोन थर असतात, आत आखूड दाट अंडरकोट आणि वर लांब सरळ जरा खरखरीत केस, आणि आतल्या थराने वरचे केस उभे धरलेले असतात. पाठीवर तळहात दाबून सोडा, केस परत उभे राहिले पाहिजेत. केस बाजूला करून कातडी बघायला गेलात तर सहज दिसत नाही, फुंकर मारत शोधावी लागते. स्पिट्झमध्ये आपल्या हवेमुळे हा आतला थर बहुतेकदा विरळ, केस मऊ आणि अंगाला धरून पडलेले. पाठीवर मधोमध भांग पडत असेल, केसांना लाटा किंवा कुरळेपणा असेल, तर पॉमच्या स्टँडर्डमध्ये तो दोषच आहे, आणि कुरळे केस असतील तर मला पूडल किंवा शिह त्झूचं रक्त असल्याची शंका येते. अजून एक खूण लोक बघतच नाहीत, डोकं, कान, पायांचा पुढचा भाग आणि पंजे यांवर केस आखूड, मखमली असायला हवेत. चेहऱ्यावर डोळ्यात येणारे लांब केस असतील तर तो पॉम नाही, मग बाकी काहीही असो.

पण माझ्या मते सगळ्यात भरवशाची गोष्ट डोक्याचा सांगाडा, कारण केस वाढवता-कापता येतात, हाड नाही. एफसीआयच्या, म्हणजे केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जर्मन स्पिट्झ स्टँडर्डमध्ये, ज्याचा नंबर ९७ आहे आणि पॉम त्यातच येतो, तोंड आणि कवटीचं प्रमाण पॉमसाठी साधारण २ ला ४ दिलंय, म्हणजे कवटीच्या निम्मं तोंड. मोठ्या वुल्फस्पिट्झला ते २ ला ३ असतं. तुमच्या मापात ५ ला ८ येतंय, म्हणजे ८ च्या कवटीला ४ च्या आसपास हवं होतं तिथे ५ आहे, सेंटीमीटरभर फरक म्हणाल पण एवढ्याशा चेहऱ्यावर तो लगेच दिसतो, म्हणूनच तुम्हाला 'नाक लांब झालं' असं वाटतंय. साडेसहा महिन्यांनंतर कवटी थोडी भरते, पण एवढं अंतर भरून निघेल असं मला वाटत नाही. माप परत एकदा घ्या, टेलरची टेप केसांवरून नको, केस दाबून हाडावर धरा, कुत्रं झोपाळलेलं असताना घेतलंत तर बरं.

खळगा, ज्याला स्टॉप म्हणतात, तोही बोटाने तपासा. कपाळावरून बोट खाली आणलं की पॉममध्ये स्पष्ट उतार लागतो, पण भिंतीसारखा एकदम तुटलेला नाही. स्पिट्झमध्ये तो उतार सौम्य, चेहरा एका रेषेत निमुळता होत टोकाला जातो, खरं कोल्ह्याचं तोंड तेच. उलट ज्यांचं नाक एकदम आत बसलेलं, डोळे गोल आणि बाहेर आलेले, डोकं वर फुगलेलं असतं त्यांना 'टेडी फेस' म्हणून दुप्पट पैसे घेतात, पण स्टँडर्ड बघाल तर डोळे मध्यम, बदामी, किंचित तिरके आणि गडद हवेत. फुगीर डोळे आणि सफरचंदासारखं डोकं दिसलं तर शिवावा (चिहुआहुआ) या इवल्या जातीचं रक्त असू शकतं. टाळूवर बोट फिरवून बघा, मोठ्या कुत्र्यात तिथे मऊ खड्डा लागला तर एफसीआय स्टँडर्डप्रमाणे ते शोमधून थेट बाद होतं, पिल्लात असेल तर डॉक्टरांना दाखवा.

कानांबद्दल सावध राहा. पॉमचे कान छोटे, वर बसवलेले, एकमेकांजवळ, त्रिकोणी आणि ताठ. स्पिट्झचेही तसेच त्रिकोणी, पण डोक्याच्या मानाने मोठे आणि उंच. पण कात्री हातात असलेला माणूस कानाच्या टोकांचे केस गोल कापून आणि गालावर केस ठेवून कुठल्याही छोट्या स्पिट्झला अर्ध्या तासात 'टॉय पॉम' करू शकतो, मलाही येतं ते, रोजचं काम आहे. विक्रीच्या फोटोतलं कुत्रं नुकतंच ग्रूम केलेलं असतं हे धरूनच चाला.

म्हणून मी खरं कुत्रं बघते ते टबमध्ये. कोमट पाण्याने पूर्ण भिजवलं की सगळा फुगवटा उतरतो आणि जे उरतं ते खरं. परवा एक क्रीम रंगाचं कुत्रं आलं होतं, कोरडं असताना मालकांसकट सगळे त्याला पॉम म्हणत होते, पाणी घातल्यावर मान लांब निघाली, छाती अरुंद, कोपरापासून जमिनीपर्यंतचा पाय वरच्या भागापेक्षा चांगलाच मोठा, शेपटीची सुरुवात पाठीच्या रेषेखाली. तो छोटा इंडियन स्पिट्झ होता, तब्येतीने ठणठणीत आणि टबमध्ये शहाण्यासारखा उभा. पॉम भिजला की काय दिसतं? आखूड मान खांद्यात बसलेली, बरगड्या गोलसर, पाठ आखूड, छातीपासून ढुंगणापर्यंतची लांबी आणि उंची जवळपास सारखी, खांद्यापासून कोपर आणि कोपरापासून जमीन ही दोन्ही अंतरंही साधारण सारखी, पंजे अगदी लहान, गोल, बोटं घट्ट मिटलेली. घरी आंघोळ घालताल तेव्हा बाजूने एक फोटो काढून ठेवा, वरून काढू नका, कुत्र्याच्या उंचीवर मोबाईल धरा.

शेपटीचं थोडक्यात सांगते. पॉमची शेपटी खूप वरून निघते आणि पूर्ण पाठीवर आडवी पसरते, केस पंख्यासारखे दोन्हीकडे पडतात, डोकं आणि शेपटी जवळजवळ एकमेकांना भेटतात असं वाटतं. स्पिट्झचीही पाठीवर वळते पण बऱ्याचदा एका कुशीवर लोंबते किंवा सैल राहते. घाबरलेलं कुत्रं शेपटी खाली घालतं, तेव्हा दवाखान्यातल्या टेबलावर शेपटी बघून काही ठरवू नका.

उंचीचं गणित बघा. एफसीआयच्या हिशोबाने पॉम २१ सेंटीमीटर, ३ इकडे ३ तिकडे, म्हणजे १८ ते २४. त्याच्यावरचा मिनिएचर स्पिट्झ २४ ते ३०. आणि आपला छोटा इंडियन स्पिट्झ २२ ते २५, म्हणजे नुसत्या उंचीने दोघं एकमेकांत मिसळतात, निकाल लागत नाही. वजनासाठी अमेरिकन केनेल क्लब ३ ते ७ पाउंड सांगतं, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो. तुमचा ४.२ किलोचा २६ सेंटीमीटरचा आहे आणि अजून थोडा भरेल, हे एकटं असतं तर मी थ्रोबॅक म्हणून सोडून दिलं असतं, पण लांब तोंड, मोठे कान आणि कागद नाहीत हे सगळं एकत्र आलं की पारडं क्रॉसकडे झुकतं. बरगड्या हाताला लागतायत ना तेही बघा, आपल्याकडे निम्म्या कुत्र्यांचं जादा वजन ही बिस्किटांची कृपा असते.

टीकप, मायक्रो, मिनी टॉय हे सगळे विक्रीचे शब्द आहेत. फार लहान म्हणून विकलेलं पिल्लू बऱ्याचदा वयाने लहान असतं किंवा अशक्त असतं, आणि अशा इवल्या पिल्लांची साखर दोन-चार तास पोटात काही नसलं तरी उतरते, गळून पडतात, झटके येतात. २०१७ च्या कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीच्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. पिल्लाच्या तोंडात दुधाचे २८ दात पूर्ण नसताना कुणी 'दोन महिन्यांचं आहे' म्हणत असेल तर वयाबद्दल पुन्हा विचारा.

रंगावरून काही ठरत नाही, पांढरा पॉम असतो आणि तपकिरी स्पिट्झही असतो. फक्त मर्ल, म्हणजे राखाडी अंगावर गडद शिंतोडे आणि कधी निळा डोळा, हा एफसीआयच्या रंगांत नाही. आपल्याकडे तो 'एक्झॉटिक' म्हणून चढ्या भावाने विकतात. मर्लला मर्ल लावून काढलेल्या लिटरमध्ये बहिरी, आंधळी पिल्लं निघण्याचा धोका मोठा असतो, म्हणून मी कुणालाच तो रंग सुचवत नाही.

कागदांबद्दल. 'विदाऊट पेपर आहे पण प्युअर आहे' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेलच. केसीआयच्या सर्टिफिकेटवर कुत्र्याच्या तीन पिढ्या आणि मायक्रोचिपचा १५ आकडी नंबर असतो. कागद खरा असला तरी तो याच कुत्र्याचा आहे का हे चिपवरून कळतं, म्हणून डॉक्टरांकडे स्कॅनर फिरवून नंबर जुळवून घ्यायचा, पैसे देण्याआधी, नंतर नाही. 'इम्पोर्ट लाईन' म्हणाले तर त्या तीन पिढ्यांत बाहेरच्या क्लबचा नंबर कुठे दिसतो ते विचारा, कारण २०१६ मध्ये धंद्यासाठी कुत्रे आयात करण्यावर कडक निर्बंध आले आणि जेवढ्या इम्पोर्ट लाईनी बाजारात सांगितल्या जातात तेवढी कुत्री आलेली असणं शक्य वाटत नाही. आणि पुढे कधी घ्यायचं झालं तर पिल्लू कमी बघा, आई जास्त बघा. दोन महिन्यांचं पॉम, स्पिट्झ आणि त्यांचा क्रॉस ही तिन्ही पिल्लं माझ्यासमोर ठेवली तर मीसुद्धा खात्रीने सांगू शकणार नाही, त्या वयात सगळ्यांची तोंडं आखूडच असतात. आई समोर उभी असली तर मात्र पाच मिनिटांत अंदाज येतो. आई दाखवायला टाळाटाळ झाली की निघून या.

तुमच्या पोराचं आता काय करायचं ते सांगते. पॉम असो, क्रॉस असो, काळजी तीच. पहिलं म्हणजे दात बघा, या वयात दुधाचे सुळे पडायला हवेत, नवीन सुळ्याच्या शेजारी जुना तसाच उभा असेल तर अन्न अडकून हिरड्या खराब होतात, डॉक्टर तो काढतात, नसबंदीच्या वेळी एकाच भुलीत काढून घेतला तर बरं. दुसरं, चालताना मागचा एक पाय मध्येच उचलून दोन-तीन पावलं उड्या मारत जातो का आणि मग आपोआप नीट चालतो का, तसं असेल तर गुडघ्याची वाटी सरकत असण्याची शक्यता आहे, छोट्या कुत्र्यांत फार दिसतं, गुळगुळीत फरशीवर मॅट टाका आणि सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका. गळ्यात पट्टा नको, हार्नेस घ्या, यांची श्वासनळी नाजूक असते, पट्टा ओढला की बदकासारखा खोकला काढतात. आठवड्यातून तीनदा केसांवर थोडं पाणी मारून मुळापासून थर उचलत ब्रश करा, कोरड्या केसांवर ब्रश ओढला की तुटतात, कानामागे आणि काखेत गुंता आधी होतो तिथे बोटांनी सोडवा. वर्ष-दीड वर्षाचा झाल्यावरही मांड्यांवर आणि पाठीवर केस आले नाहीत, दोन्ही बाजूंना सारखं टक्कल राहिलं आणि कातडी काळी पडायला लागली, तर तेव्हा मात्र त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, ती अलोपेशिया एक्स या केस गळण्याच्या आजाराची लक्षणं असू शकतात आणि थायरॉइडची तपासणीही करावी लागते.

विकणाऱ्याशी बोलायचं असेल तर बोला, 'प्युअर' लिहून दिलं असेल किंवा मेसेजमध्ये असेल तर ते जपून ठेवा. पण परत देण्याच्या भानगडीत पडू नका, साडेसहा महिन्यांचं कुत्रं परत घेतलेला माणूस ते पुढे कुठे देईल याचा भरवसा नाही. बाराव्या महिन्यात परत तीच तीन मापं घ्या, उंची, तोंड, कवटी, आणि ओला असतानाचा बाजूचा फोटो काढा, मग मी अजून नीट सांगू शकेन. तोवर ब्रीडिंगला वापरू नका, कुणी जोडीसाठी 'मेल (नर) द्या' म्हणून मागे लागलं तरी, कारण कल्चर पॉमची पुढची पिल्लं अशीच तयार होतात.